पुरून उरलेला सिलिंडर

मित्रांनो, रानशेतजवळच्या एका लहानशा दवाखान्यात, दाराच्या मागे, तुमच्या मांडीएवढ्या उंचीचा, काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्यांचा एक लोखंडी गडी उभा असतो. तो मी. लोक मला ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. दवाखान्याचे शिपाई लहान्याभाऊ मला ‘बाटला’ म्हणतात आणि मला ते नाव मुळीच आवडत नाही, पण माझे ऐकतो कोण?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लालबुंद लोखंडाला दाबून, ओढून माझे अंग घडवले, त्याला कुठेही जोड ठेवला नाही. मग पोटात पाणी भरून एवढा दाब दिला की कच्चा असतो तर तिथेच फुटलो असतो. मी फुटलो नाही. तेव्हा माझ्या खांद्यावर तारीख ठोकली. तेव्हापासून दर पाच वर्षांनी माझी अशी परीक्षा होते आणि पास झालो की एक नवी तारीख खांद्यावर बसते. तुम्ही वय लपवू शकता, मला ते जमत नाही.

सुरुवातीची वर्षे बरी गेली. बाळंतपणात निळे पडलेले बाळ, विहिरीतून काढलेला माणूस, दम्याने बेजार झालेली म्हातारी, अशा कितीजणांच्या नाकातोंडात मी वारा घातला. पुढे ती मोठी साथ आली आणि माझे दिवस पालटले. एरवी माझ्याकडे ढुंकूनही न पाहणारी माणसे माझ्यासाठी हातापाया पडू लागली. मला बोईसरकडून भरून आणायचे तर दोन माणसे सोबत यायची, जणू नवरी आणताहेत. माझी आरती ओवाळायचीच काय ती बाकी होती. मीही थोडा फुशारलो. खोटे कशाला बोलू?

साथ ओसरली आणि मी पुन्हा दाराआड गेलो. लहान्याभाऊ माझ्या मानेवर ओला पंचा वाळत घालू लागले. त्यांच्या डब्याची पिशवीही माझ्याच चाकीला लटकायची. लस टोचून घ्यायला आलेली पोरे रडता रडता माझ्या अंगावर लाथा झाडायची. पण प्रगती सिस्टर बदलून आल्या आणि पंचा निघाला. त्या तलासरी तालुक्यातल्या वेवजीच्या, बोलायला मऊ आणि कामाला कडक. दर सोमवारी त्या माझा काटा बघायच्या, माझ्या डोक्यावरची चाकी फिरवून बघायच्या आणि मला भरलेला ठेवायच्या.

दुपारी दवाखाना रिकामा झाला की रोशनी यायची. पाड्यावरच्या काकड्याची आणि हिरीची ही थोरली मुलगी, बारावीत शिकणारी. तिला नर्स व्हायचे होते आणि तिचे घोडे इंग्रजीपाशी अडत होते. सिस्टर तिला माझ्या शेजारच्या टेबलावर शिकवायच्या. म्हणून मलाही चार शब्द आले.

एके दिवशी सिस्टरच्या प्रशिक्षणाच्या कागदावर एक वाक्य होते. सिलिंडरने प्रवासाला ‘आउटलास्ट’ केले पाहिजे, असे काहीसे. रोशनीने विचारले, “सिस्टर, लास्ट म्हंजे टिकणं. मग याला आउट कशाला लावलाय?”

सिस्टर म्हणाल्या, “नुसतं टिकलं तर लास्ट. दुसऱ्या कोणापेक्षा जास्त टिकलं, की आउटलास्ट. पुरून उरणं म्हण. या शब्दाला नेहमी दोघं लागतात, रोशनी. त्यातला एक आधी संपतो आणि दुसरा राहतो.”

“वाक्यात उपयोग करू?”

“कर ना.”

रोशनीने पेन्सिल चावली आणि म्हणाली, “आमची कणगी पावसाळ्याला आउटलास्ट करते.”

लहान्याभाऊंना राहवले नाही. “माझी चप्पल तीन डॉक्टरांना आउटलास्ट झाली,” ते म्हणाले. सिस्टर हसल्या, मग रोशनीला विचारू लागल्या की कणगीचे काय ते नीट सांग.

रोशनीने सांगितले ते असे. त्यांच्या घरात भाताची कणगी आहे, बांबूची विणलेली, शेणाने सारवलेली. तिच्यातून तांदूळ काढायचा मान फक्त तिच्या बापाचा. पाऊस लागला, की काकड्या रोज माप भरून काढतो आणि त्यातली एक मूठ परत कणगीत टाकतो. आषाढात एक मूठ, श्रावणात दोन. कोणी पाहुणा येवो, पोरे कुरकुर करोत, परत टाकलेली मूठ तो पुन्हा काढत नाही. नवा भात घरात आला, की मगच त्याचा हात सैल सुटतो. पाड्यावरच्या अर्ध्या घरांत भादव्यात तांदूळ संपतो. काकड्याच्या घरात तो आजवर कधी संपलेला नाही.

“आयस त्याला चिडवते,” रोशनी आईबद्दल म्हणाली. “म्हणते, रोशनीचा बा मला पन एक दिवस कणगीत टाकंल नि रोज मूठ-मूठ काढंल.”

तेव्हा आम्ही सगळे हसलो. मीही मनातल्या मनात हसलो. मला त्या माणसाचे कौतुकच वाटले, कारण पुरवून वापरणाऱ्या माणसाची किंमत माझ्यासारख्याला कळते.

त्याच भादव्यात हिरीला ताप आला. चार दिवस तिने अंगावर काढला, शेतातली बेणणी संपवली, वाडीत चिकू वेचायलाही गेली. पाचव्या दिवशी सकाळी काकड्याने तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. तिच्या छातीचा भाता असा चालला होता की दुरून दिसत होता. ओठ जांभळे पडले होते. सिस्टरनी तिच्या बोटाला चिमटा लावला आणि त्यावरचा आकडा बघून त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

डॉक्टर शिबिराला दूरच्या पाड्यावर गेले होते. दवाखान्याची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. आतल्या खोलीत एक पहिलटकरीण अडली होती, तिला सोडून सिस्टरना हलता येत नव्हते. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, वाट बघू नका, मिळेल त्या गाडीने थेट गुजरातेतल्या वापीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवा. पाड्यांवरून भाडी मारणाऱ्या सुनिलची जीप बाहेरच उभी होती. त्याने मागची बाके मोकळी केली.

आणि मला बोलावणे आले. सिस्टरनी मला मीटर जोडला, पाण्याची बाटली जोडली, नळी हिरीच्या तोंडावरच्या मास्कला लावली आणि चाकी उघडली. मीटरच्या काचेच्या नळीतली, वारा किती जोरात जातो ते दाखवणारी गोळी वर चढून पाचवर थांबली. बाटलीत भराभर बुडबुडे उठू लागले. हिरीच्या ओठांचा जांभळेपणा हळूहळू उतरला आणि काकड्याच्या जिवात जीव आला.

सिस्टर त्याला म्हणाल्या, “काकडूभाऊ, हा काटा बघा. हा इथं लाल पट्टीत आला, की सिलिंडर संपत आला. पण तो अडीच तास पुरेल. वापी दीड तासावर आहे. काळजी करू नका.”

“बरा, बाय,” काकड्या म्हणाला.

मित्रांनो, तेवढ्यात आतून पहिलटकरणीची किंकाळी आली आणि सिस्टर धावत गेल्या. गोळीला हात लावू नका, हे एवढे एकच वाक्य सांगायचे राहून गेले.

चारोटीपर्यंत रस्ता खड्ड्यांचा होता, पण सुनिलने जीप सांभाळून नेली. हिरीचे डोके रोशनीच्या मांडीवर होते. मी काकड्याच्या दोन गुडघ्यांमध्ये उभा होतो आणि त्याने मला दोन्ही हातांनी धरले होते. हायवेला लागलो तेव्हा माझा काटा अर्ध्याच्या बराच वर होता. तलासरी मागे पडली आणि आम्ही थांबलो.

पुढे ट्रकच ट्रक होते. रस्त्याचे काँक्रीटचे काम चालले होते, एकाच बाजूने वाहतूक सोडत होते आणि त्या एका बाजूवर कंटेनर आडवा झाला होता. सुनिल उतरून पुढे जाऊन आला. कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “ड्रायव्हर लोक बोलतात, तीन तास काय हलत नाय. काका, मी बघतो कुठून काढता येईल तर.”

तीन तास. काकड्याने माझ्या काट्याकडे पाहिले. मग ट्रकांच्या रांगेकडे पाहिले. त्याला घड्याळातले फारसे कळत नव्हते, पण एखादी भरलेली गोष्ट हळूहळू खाली जाते आहे आणि पुढचा काळ लांब आहे, हे त्याच्याइतके कोणाला कळत असणार? त्याने आयुष्यभर तेच तर केले होते. त्याचा हात हळूच मीटरच्या बटणावर गेला. त्याने ते थोडे पिळले. गोळी पाचवरून चारवर आली. त्याने हिरीकडे पाहिले, पुन्हा काट्याकडे पाहिले आणि अजून पिळले. गोळी दोनवर येऊन बसली. बाटलीतले बुडबुडे एकेक करून येऊ लागले.

रोशनीच्या ते लक्षात आले. “बा, गोळी खाली गेली.”

“मींच केली. पुराया पाहिजे ना.”

 रोशनीने सिस्टरना फोन लावला, दोनदा लावला. तिकडे तो टेबलावर वाजत राहिला असणार, कारण सिस्टरचे दोन्ही हात बाळंतपणात अडकले होते. तिने बापाच्या तोंडाकडे पाहिले. ज्या माणसाने घरात एकदाही तांदूळ संपू दिला नाही, त्याला काय सांगायचे, असे तिला वाटले असेल. पोरीची चूक नाही. मी तिथे होतो, मी सांगतो.

मित्रांनो, मला तोंड असते तर. माझ्या पोटात किती आहे हे जगात फक्त मला माहीत होते. मी ओरडून सांगितले असते, की बाबा रे, मी आहे, मला सोड, तिला पोटभर घेऊ दे. ते तीन तास खरेच लागले असते आणि मी वाटेत संपलो असतो, तर पुढचे पुढे बघितले असते. पण आत्ता, या क्षणाला, तिला हवा हवी आहे. लोखंडाला ओरडता येत नाही. मी आतून दाबाने ताठ भरलेला आणि बाहेरून मुका. माझ्यात वारा असताना माझ्यासमोर माणूस वाऱ्यावाचून तडफडतो आहे, असे त्याआधी कधी झाले नव्हते.

हिरीने हात उचलून मास्क थोडा वर केला. “वारा नाय येत,” ती म्हणाली.

काकड्याने मास्क हलकेच पुन्हा बसवला आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. “येतो, हिरी. जपून घे. लांब जायाचा हाय.”

तिने मान हलवली. बावीस वर्षे तिने त्याच्या मापावर संसार केला होता, त्याचे माप कधी चुकले नव्हते. तिने जपून घ्यायचा प्रयत्नही केला. ते मी पाहिले. एक एक श्वास ती थांबवून, मोजून घेऊ लागली, आणि ते पाहून मला माझ्या जन्माची लाज वाटली.

तीन तास काही लागले नाहीत. अर्ध्या तासात कंटेनर बाजूला झाला आणि ट्रक सरकू लागले. सुनिलने गाडी दामटली. आता तरी हा बटण उघडेल, असे मला वाटले. पण काकड्याची सवय तुम्हाला ठाऊक झाली आहे. एकदा आखडलेला हात पीक घरात आल्याशिवाय तो सैल सोडत नसे. पुढे सीमेवर अच्छाडचा नाका होता, तिथेही रांग लागते. त्यापुढे वापीचा पूल होता. तो मला धरून पुढचा रस्ता बघत राहिला.

अच्छाडच्या पुढे हिरी शांत झाली. छातीचा भाता मंद झाला, हात सैल पडले. “झोप लागली तिला,” काकड्या म्हणाला. “बरा वाटला असेल.” रोशनीने आईच्या कपाळावर हात ठेवला आणि तिलाही तसेच वाटले. ती झोप नव्हती. मी शेकडो रुग्ण पाहिले आहेत, मला फरक कळतो. माझ्यात अजून अर्ध्याला थोडा कमी एवढा प्राणवायू होता आणि काकड्याच्या हातापासून दोन बोटांवर ते बटण होते.

वापीच्या दवाखान्यात तिला ढकलगाडीवर घालून पळवत आत नेले. काकड्या तिच्या मागे धावला. मला बोळात भिंतीशी उभे केले आणि रोशनीला माझ्याजवळ थांबायला सांगितले. एक कर्मचारी मला हलवायला आला, त्याने चाकी बंद करण्याआधी काट्यावर नजर टाकली आणि सहज म्हणाला, “अरे, आमां तो हजु घणो छे.” सीमेवरच्या पोरीला गुजराती कळायला काय लागते? यात तर अजून पुष्कळ आहे, हे तिला लख्ख कळले. तिने पहिल्यांदा माझा काटा नीट पाहिला.

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरला होता, फार उशीर झाला होता, असे ते म्हणाले. वेळेवर आणले असते तर, असेही म्हणाले.  काकड्या आत भिंतीला टेकून खाली बसला होता, एवढे दारातून दिसत होते. मी पुरेसा मिळालो असतो तर हिरी वाचली असती का, हे मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही ठाऊक नसेल. पण मी उरलो आणि ती संपली, एवढे खरे आहे, आणि ते खोडता येत नाही.

रोशनी रडली नाही. ती दाराकडे बघत होती. बाप बाहेर येईल, मला खांद्यावर घेईल, कारण दवाखान्याची वस्तू परत द्यायला हवी, हे तो विसरणारा नाही. आणि खांद्यावर घेण्याआधी तो काटा बघेल. सिस्टरनी त्याला काटा बघायला शिकवले होते.

ती माझ्याजवळ खाली बसली. चाकी उघडली. मग मीटरचे बटण पकडून ते पार शेवटपर्यंत फिरवले. गोळी उडून नळीच्या टोकाला जाऊन चिकटली. बाटलीतले पाणी उकळल्यासारखे उसळू लागले. मास्क जमिनीवर पडला होता आणि त्यातून माझा सगळा श्वास त्या बोळात वाहून गेला. येणारे-जाणारे लोक बघत, मुलगी सिलिंडर तपासत असेल असे समजून पुढे जात. वीसेक मिनिटे लागली. रोशनी एका हाताने बटण धरून बसली होती आणि दुसऱ्या हाताची मूठ तिने तोंडात कोंबली होती. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच असा कोणाच्याही छातीत न जाता रिकामा झालो. शेवटचा बुडबुडा आला आणि पाणी स्थिर झाले. काटा लाल पट्टीच्या तळाशी जाऊन टेकला.

काकड्या बाहेर आला. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. काट्याकडे बराच वेळ बघत राहिला.

“संपला?” त्याने विचारले.

“संपला, बा. इथं दारात आलो नि संपला.”

“म्हंजे वाटंत नाय संपला.”

“नाय, बा.”

“मीं कमी नसता केला तं वाटंतच संपला असता.”

रोशनीने बापाकडे पाहिले. “हां, बा,” ती म्हणाली. “वाटंतच संपला असता.”

काकड्याने मान हलवली. मग त्याने माझ्या खांद्यावर, त्या ठोकलेल्या तारखांवर हात ठेवला आणि तो मोठमोठ्याने रडू लागला. रोशनीने त्याचे डोके धरून ठेवले.

सिस्टरना काही संशय आला नाही. वाटेत ट्रकांची कोंडी लागली म्हटल्यावर अडीच तासांचा सिलिंडर रिकामा होणारच, असे त्यांना वाटले. त्यांनी मला पुन्हा भरून आणले. रोशनी आता पालघरला नर्सिंग शिकते. सुट्टीला आली, की दवाखान्यात मदतीला येते आणि मला कुणाबरोबर पाठवायचे असले, तर नातेवाइकाचा हात धरून सांगते, “गोळीला हात लावायचा नाही. संपला तर संपू दे. तुम्ही पुरवू नका, तुम्ही फक्त पोचवा.” तिचा आवाज त्या वेळी फार कडक होतो आणि नवख्या माणसाला राग येतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगून झाली की तुमच्याकडे एकच मागणे मागतात, आम्हाला जपा. माझे मागणे उलटे आहे. माझा काटा बघा, मला भरून ठेवा, मानेवर पंचे वाळत घालू नका, एवढे कराच. पण वेळ आली, की मला राखू नका. मला उघडा. माणूस समोर असताना मी पोटात श्वास घेऊन मागे उरलो, तर माझ्या लोखंडाला काडीची किंमत नाही. मला संपवा, माणूस उरू द्या.

आणि आणखी एक. हे सगळे मी तुम्हाला सांगून बसलो, कारण मला कुठेतरी सांगायला हवे होते. रानशेतच्या बाजूला कधी आलात आणि काकड्या भेटला, तर तो तुम्हाला माझ्याविषयी सांगेलच. तो सगळ्यांना सांगतो, की एवढा मोठा रस्ता होता, एवढी ट्रकांची रांग होती, पण हिरीला मी शेवटपर्यंत वारा पुरवला. तुम्ही फक्त हो म्हणा.